माईकची पाठ

माझा पुतण्या डीजे आहे. पूर्वी हे वाक्य मी नातेवाइकांत जरा हळूच उच्चारत असे. 'साउंडच्या लायनीत आहे' म्हणून वेळ मारून नेत असे. पण त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आमच्या ८८ वर्षांच्या अण्णांनी जाहीर केलं, "शेवटचं मंगलाष्टक मी म्हणणार!" अण्णांचा आवाज एके काळी चार आळ्यांत ऐकू जायचा. आता शेजारी बसलेल्यालाही 'काय म्हणालात?' विचारावं लागतं. पुतण्या म्हणाला, "काका, माईक घ्यायला चला."

"त्यात निवडायचं काय? सगळ्यात जास्त ऐकणारा घे."

"तो स्पीकरचंही ऐकेल!"

हे मात्र मला पटलं. १९८४ सालच्या गणेशोत्सवात आभार मानायला मी उभा राहिलो होतो. 'अध्यक्षमहाराज' म्हटलं मात्र, माईकने अशी काही कुई केली की अध्यक्षमहाराजांनी कानांवर हात ठेवले. माईकचं स्पीकरने ऐकायचं, स्पीकरचं पुन्हा माईकने, असं एकमेकांचं ऐकत दोघं चढत जातात आणि शेवटी किंचाळतात. चाळीतली भांडणं याच तत्त्वावर चालतात.

खरेदीआधी मी थोडं वाचलं. (खरेदी टाळण्याचा हा माझा जुना उपाय.) जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या एमिल बर्लिनरने १८७७ साली माईक तयार केला, आणि १८८७ साली याच गृहस्थाने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. माईक आणि ग्रामोफोन एकाच डोक्यातून निघाले! डीजे मंडळींनी याचा फोटो लावून उदबत्ती ओवाळायला हरकत नाही. पुढे रिबनचे माईक आले. लोहचुंबकात टांगलेली ॲल्युमिनियमची तलम पट्टी. आवाज गोड, पण जोरात फुंकलं तर पट्टीच फाटायची. 'फू फू, हॅलो, वन टू थ्री' केल्याशिवाय समारंभ सुरू न करणाऱ्या आपल्या लोकांपुढे तिचा निभाव कसा लागावा?

खरी गंमत केली १९३९ साली, शिकागोच्या शुअर कंपनीतल्या बेंजामिन बाउअर या तरुण इंजिनियराने. त्याने माईकच्या पाठीला झरोके ठेवले. मागून येणारा आवाज झरोक्यातून आत शिरतो, तिथे त्याला क्षणभर रेंगाळायला लावतात. तोवर तोच आवाज वळसा घालून पुढूनही येतो. दोन्हीकडून पडद्यावर एकाच वेळी सारखाच रेटा, म्हणून पडदा ढिम्म हलत नाही. पाठीमागे बोललेलं मनावर न घेणं संतांना जमलं नाही इतकं माईकला जमलं!

१९६६ साली त्याच कंपनीच्या अर्नी सीलरने याच तत्त्वावर एसएम-५८ काढला. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. पण स्टुडिओपेक्षा तो गाजला रॉक संगीताच्या रंगमंचावर. सीलरला म्हणे शास्त्रीय संगीत आवडे आणि रॉकचा तिटकारा! कीर्तनकाराने बांधलेली ढोलकी तमाशाच्या फडात गाजावी, तसं झालं.

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने एक महागडा कंडेन्सर पुढे केला. "श्वाससुद्धा पकडतो, साहेब."

"दारातला बँडही पकडेल," पुतण्या म्हणाला आणि त्याने साधा, दणकट, पाठीमागचं न ऐकणारा डायनॅमिक उचलला. मला म्हणाला, "तोंडाशी धरला की खर्ज वाढतो, अण्णांचा आवाज भरदार लागेल. फक्त जाळी मुठीत धरायची नाही. झरोके बुजले की हा चहूकडचं ऐकायला लागतो."

लग्नात अण्णांनी माईक घेतला तो नेमका जाळीपाशी, नारळ धरावा तसा! माईकने कुईचा पहिला सूर लावलाच. पुतण्या आपलं टेबल सोडून धावला आणि अण्णांची थरथरणारी बोटं एकेक करून त्याने दांड्यावर सरकवली. अण्णांनी डोळे मिटले. आवाज कापत होता, पण एकेक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. पंगतीची जागा धरायला निघालेले लोकसुद्धा दारात थांबले.

माझा पुतण्या डीजे आहे. हल्ली हे मी मोठ्याने सांगतो. माईकशिवाय.