३७ दात्यांचं चाक

आज आपण रायपूरच्या दक्षिणेला, अभनपूरला जाऊ. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूर भागात मराठी घरं आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी काहींनी हे गाव पाहिलंही असेल. रायपूर-धमतरीची अडीच फुटी छोटी रेल्वे इथून जायची आणि राजिमचा फाटा इथेच फुटायचा. बंगाल नागपूर रेल्वेची ही लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. पुढे ती बंद पडली, आणि ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर मार्गावर मोठ्या लाइनची मेमू धावली.

वाफेच्या इंजिनाची चाकं फिरवायला गिअर लागत नसे. दट्ट्याची ताकद दांड्यांवाटे सरळ चाकांना मिळे. मेमूत मात्र मोटरवरचं लहान दातेरी चाक आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. म्हणजे आज अभनपूरचा प्रवासी रायपूरला पोचतो तो दात्यांच्या भरवशावर. हे दाते कापायचे कसे, हा आजचा विषय.

प्रश्न नुसता रेल्वेचा नाही. अभनपूर, राजिम, धमतरी हा धानाचा पट्टा. धान सोलायच्या यंत्रात रबरी रोलांची जोडी असते. एक रोल दुसऱ्यापेक्षा जोरात फिरतो आणि त्या फरकामुळे टरफल निघतं. बऱ्याच यंत्रांत हा फरक गिअरची जोडी राखते. आता समजा, ऐन हंगामात जुन्या यंत्राचं ३७ दात्यांचं चाक तुटलं आणि तो सुटा भाग आता कुणी बनवतच नाही. ३७ हा आकडा विचित्र वाटेल, पण तो मुद्दाम घेतात. ३७ मूळ संख्या असल्याने ठरावीक दात्यांचीच गाठ वरचेवर पडत नाही, झीज सगळीकडे सारखी होते.

वर्तुळाचे ३७ सारखे भाग करून पाहा बरं. ३६० भागिले ३७ म्हणजे ९.७२९७२९… संपतच नाही. जुन्या टर्नर-फिटरांनी हा भागाकार कधी केलाच नाही. मिलिंग मशिनवरच्या डिव्हायडिंग हेडमध्ये हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. मग ३७ भोकांची तबकडी लावायची, आणि दर दात्याला एक पूर्ण फेरा व वर ३ भोकं. उत्तर अचूक, बाकी शून्य! अपूर्णांक कागदावर नव्हताच, तो लोखंडात भोकं पाडून ठेवलेला होता. मला तर ही तबकडी त्या काळची प्रोग्रॅमची फाइलच वाटते.

अमेरिकेत जोसेफ ब्राउन यांनी १८६२ च्या सुमारास युनिव्हर्सल मिलिंग मशिन आणलं, ते ड्रिलच्या वळदार खाचा कापायला. १८६४ मध्ये त्यांनी असा कटर काढला की धार कितीदा लावली तरी त्याचा आकार बदलत नाही. पण दात्याचा बाक दात्यांच्या संख्येप्रमाणे बदलतो. प्रत्येक संख्येला वेगळा कटर कोण ठेवणार? म्हणून आठांचा संच ठरला. त्यातला ३ नंबर ३५ ते ५४ दात्यांना चालवतात, पण तो बरोबर बसतो ३५ लाच. ३७ ला थोडी तडजोड, ५० ला जास्त. १८९७ मध्ये जर्मनीच्या हर्मन फाउटर यांच्या हॉबिंग मशिनने ही तडजोड मिटवली. तिथे मळसूत्री कटर आणि जॉब एकमेकांशी मेळ राखून फिरतात आणि बाक आपोआप घडतो. हजारो चाकं काढायची तर आजही हॉबिंगच. त्याच्याशी वेगात रोटरी अ‍ॅक्सिसची बरोबरी होत नाही.

पण आपल्याला हवंय एकच चाक. १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशिन दाखवलं गेलं, आणि त्याच वाटेने पुढे कॅम आलं. आता दात्याचा बाक संगणकात काढायचा: तबकडीवर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवताना त्याचं टोक जी वाट काढतं, तोच हा बाक. त्याचा गुण असा की बेअरिंग झिजून दोन आसांतलं अंतर किंचित वाढलं, तरी वेगाचं प्रमाण ढळत नाही. जॉब रोटरीच्या चकमध्ये आडवा धरायचा आणि बारीक, गोल टोकाचा कटर दात्याच्या अंगावरून पट्ट्या-पट्ट्यांनी फिरवायचा. पट्ट्या जवळ घेतल्या तर अंग गुळगुळीत होतं पण वेळ जातो. कटर मात्र दोन दात्यांच्या बुडाशी मावला पाहिजे.

आणि इथे तो न संपणारा भागाकार परत येतो. ‘दर दात्याला ९.७३ अंश पुढे’ असं लिहिलं, तर ३७ पावलांत ३६०.०१ अंश होतात. १०० मिलिमीटर त्रिज्येवर हा फरक साधारण ०.०१७ मिलिमीटर, आणि तो सगळा शेवटच्या फटीत साचतो. म्हणून प्रत्येक दात्याचा कोन शून्यापासून नव्याने काढायचा, आधीच्यात भर घालायची नाही.

पुष्कळशा रोटरी अ‍ॅक्सिसच्या पोटात पुन्हा गिअरच असतो, मळसूत्र आणि त्यात अडकलेलं चाक. सरकी काढायच्या आपल्या जुन्या लाकडी चरकीतही मळसूत्री दातेच दोन लाटांना उलट दिशांनी फिरवत. ते दाते सुताराने हाताने कोरलेले असत. रोटरीतल्या मळसूत्रात थोडी ढिलाई राहते, तेव्हा प्रत्येक दात्याकडे एकाच दिशेने यायचं. पुढे गेलेलं चाक मागे आणायचं तर जरा जास्त मागे न्यायचं आणि पुन्हा पुढे आणून थांबवायचं.