क्ष-किरण तंत्रज्ञ : एका व्यवसायाचे नाव आणि स्थान

विल्हेल्म राँटगेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्ग येथे जे किरण आढळले, त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे त्यांनी त्यांस बीजगणितातील अव्यक्त राशीचे चिन्ह दिले. मराठीने त्या चिन्हाचा उच्चार न घेता त्याचे कार्य घेतले. मराठी बीजगणितात अव्यक्त राशी 'क्ष' असल्याने 'क्ष-किरण' हा शब्द सिद्ध झाला. लोकव्यवहारात मात्र 'एक्स-रे' रूढ झाला व त्यास छायाचित्राप्रमाणेच 'काढणे' हे क्रियापद जोडले गेले. या क्रियापदाचा कर्ता कोण, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वस्तुतः या कर्त्याने आरंभी मोठी किंमत मोजली. एडिसनचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली हे किरणांच्या माऱ्याने हात गमावून १९०४ मध्ये मरण पावले. अशा बळींचे स्मारक हँबुर्ग येथे १९३६ मध्ये उभारले गेले. त्यावर वैद्य व शास्त्रज्ञांबरोबर तंत्रज्ञांचीही नावे आहेत.

मराठवाड्यात या व्यवसायास संस्थात्मक आधार उशिरा लाभला. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मधील होय. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या महाविद्यालयाचे रुग्णालय लोकांच्या तोंडी 'घाटी' म्हणूनच आहे. अध्यापन-रुग्णालय म्हटले की क्ष-किरण विभाग आला, आणि विभाग आला की प्रशिक्षित हातही आला. रुग्णास योग्य स्थितीत ठेवणे, किरणांची मात्रा ठरविणे, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणे, ही त्या काळची कामे. मात्रा चुकली तर चित्र निरुपयोगी ठरे व रुग्णास पुन्हा किरणांपुढे जावे लागे. संगणकीय पद्धतीने अंधारी खोली गेली. मात्रेची जबाबदारी गेली नाही.

भारतात १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. तंत्रज्ञाच्या अंगावर पडणारे किरण मोजणारा बिल्ला हे त्या नियमनाचे दृश्य चिन्ह होय. व्यवसाय म्हणून राष्ट्रीय पातळीवरील वैधानिक मान्यता मात्र २०२१ च्या कायद्याने आली. त्यात या वर्गातील तंत्रज्ञांसाठी किमान २००० तासांचे शिक्षण सांगितले आहे.

राँटगेन यांच्या शोधापासून या कायद्यापर्यंत सव्वाशे वर्षे लोटली. किरणांचे स्वरूप केव्हाच ज्ञात झाले होते. ते काढणारा मात्र दीर्घकाळ 'क्ष'च राहिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.