रंगमंचावर दिसणारे नाणे

सातारा-सांगलीच्या मुलखात छत्रपतींच्या काळापासून तांब्याची शिवराई चालली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. जत्रेत गोल बसलेल्या प्रेक्षकांसमोर गारुड्याला हे जाडसर, लहान नाणे पुरे. हातभर अंतरावरून ते दिसते, आणि काळवंडलेले तांबे सावळ्या तळहातात सहज लपतेही.

रंगमंचाचे गणित उलटे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा दिवट्या-समयांचाच उजेड होता. अशा प्रकाशात मागच्या रांगेला तांबे दिसत नाही. चांदी मात्र लकाकते. कंपनी सरकारचा 1835 पासूनचा चांदीचा रुपया सुमारे साडेतीस मिलिमीटरचा, वजन 11.66 ग्रॅम. पाश्चात्त्य जादूगारांच्या लाडक्या अमेरिकी अर्ध्या डॉलरएवढाच तो रुंद. काळ्या कोटापुढे त्याची कड चमकते आणि भांड्यात पडला की खणखणतो. हवेतून नाणी काढण्याच्या खेळात हा आवाज अर्धी जादू करतो.

एक नाणे दुसऱ्यात बदलायचे तर रंगच वेगळे हवेत: एक पांढरे, एक तांबूस. आकार जवळजवळ सारखा ठेवायचा, म्हणजे डोळा फरक रंगावरूनच ओळखतो.

1947 ला चांदी जाऊन निकेल आले. पुढची ॲल्युमिनियमची पैसे-नाणी तर रंगमंचाच्या कामाची नव्हतीच. हलकी, फिकी, मुकी. 1968 चे कमळाचे पिवळे वीस पैसे रंगाने उठून दिसत, पण आकाराने लहान. आजचे दुरंगी दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे आहे.