आकडा खरा, पण कुठून कुठवरचा? मनमाडच्या फलाटावरून वेगमापनाचा इतिहास

१/
मनमाड जंक्शनच्या फलाटावर उभा असलेला एखादा विद्यार्थी मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो. काटा सरसर वर चढतो आणि ४० एमबीपीएसपाशी स्थिरावतो. समाधानाने तो परीक्षेचा अर्ज भरू लागतो, तर पान अर्धवट उघडून तिथेच अडकते. मग तो ४० चा आकडा खोटा होता काय? प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातील एक वाट मनमाडवरूनच जाते. आजचा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/
१८७० हे वर्ष लक्षात ठेवावे. जीआयपी रेल्वेचे रूळ १८६० च्या दशकात नाशिकच्या पुढे मनमाडवरून खानदेशात पोहोचले होते. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे हा मार्ग ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग सिद्ध झाला. मनमाडहून दौंडकडे जाणारा फाटा त्यानंतरचा, १८७८ चा. माणसांचा आणि टपालाचा वेग असा पालटत असताना त्याच वर्षी निरोपाचा वेगही पालटला.

३/
भारत आणि इंग्लंड यांच्यात तारेची वाट १८६५ पासून होती. कराचीहून इराणच्या आखातातून फाव बंदर आणि तेथून तुर्की साम्राज्याच्या तारांवरून युरोप, असा तो मार्ग. नकाशावर ही रेषा अखंड दिसे. प्रत्यक्षात वाटेतील ठाण्यांवर माणूस मजकूर उतरवून घेई व पुढे पाठवी. इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून शब्द बिघडत, आणि तार पोहोचण्यास कित्येक दिवस लागत. वीज क्षणात धावे. निरोप मात्र रखडे. या दोन वेगांतील अंतर हाच आपला विषय आहे.

४/
ही अडचण दूर करण्यासाठी सीमेन्स बंधूंनी प्रशिया, रशिया आणि इराण असा नवा मार्ग उभारला. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनमध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तेहरानशी संपर्क १ मिनिटात झाला. कलकत्त्याशी २८ मिनिटांत. दिवस एक, कंपनी एक, आरंभस्थान एक. आकडे मात्र दोन. तेहरानपर्यंतचा मार्ग कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थेतला होता. त्यापुढचे अंतर आणि दुसऱ्यांच्या तारा मिळून उरलेली मिनिटे खात होत्या. जाहिरातीत यांपैकी कोणता आकडा अधिक शोभला असता, हे सांगायला नको.

५/
प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसले नव्हते. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतळावरून केबल टाकली आणि जूनमध्ये सुएझमार्गे इंग्लंडपर्यंतची साखळी पूर्ण झाली. २३ जून १८७० च्या रात्री या उद्योगाचे प्रमुख जॉन पेंडर यांनी लंडनमधील आपल्या घरी मोठी मेजवानी दिली. प्रिन्स ऑफ वेल्स उपस्थित होते. इकडे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो सिमल्यात होते. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत भारतात संदेश गेले आणि मुंबईहून अवघ्या काही मिनिटांत उत्तर आले.

६/
ही एका अर्थाने त्या काळातील स्पीड टेस्टच होती. आकडा खोटा नव्हता. परंतु त्या रात्री संदेशाची वाट पाहत कर्मचारी सज्ज बसले होते, मजकूर मोजक्या शब्दांचा होता आणि पाठवणारे राजघराण्यातले होते. मुंबईतील कापसाच्या व्यापाऱ्याची तार मात्र इतर तारांच्या रांगेत उभी राहणार होती. प्रात्यक्षिकाने मार्गाची क्षमता दाखवली. ग्राहकाला रोज काय मिळेल, हा वेगळा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मेजवानीत मिळणे शक्य नव्हते.

७/
याच काळात जूल व्हर्न यांनी ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी लिहिली. नायक फिलिअस फॉग मुंबईहून जीआयपीच्या गाडीने निघतो, म्हणजे मनमाडच्याच वाटेने. मुंबई ते कलकत्ता ३ दिवस, असे वृत्तपत्रात छापलेले असते. परंतु गाडी मध्येच थांबते: पुढचे रूळ अजून टाकलेलेच नाहीत, आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. गोष्ट घडते १८७२ मध्ये, तेव्हा खरा मार्ग पूर्ण झालेला होता; हा तुकडा कल्पित आहे. तरी छापील वेग आणि तुटलेला मधला टप्पा यांचे नाते व्हर्न यांनी अचूक पकडले.

८/
आता मोजण्याच्या एककाकडे वळू. तारायंत्राचा वेग ‘मिनिटाला किती शब्द’ असा सांगत. पण शब्द कोणता? मोर्सच्या लिपीत इंग्रजी ‘ई’ हे अक्षर एका टिंबाचे; काही अक्षरांना चार-चार खुणा लागतात. सोपे शब्द निवडले की वेग आपोआप वाढलेला दिसे. म्हणून ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण म्हणून रूढ झाला. शब्दानंतरची मोकळी जागा धरून त्याची लांबी बरोबर ५० मात्रा भरते. चाचणीत काय पाठवले, यावर निकाल ठरतो, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते.

९/
पुढे एकके बदलली. एमील बोदो या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून ‘बॉड’ आले. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांच्या प्रबंधातून ‘बिट’ हा शब्द जगापुढे आला. १९५६ मध्ये ‘बाइट’ आला. आज १ बाइट म्हणजे ८ बिट. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, संगणक फाइल मेगाबाइटमध्ये दाखवतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल फार तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट उतरते. ‘आठपट फसवणूक झाली’ ही तक्रार अनेकदा या एककांच्या गोंधळातून जन्मते.

१०/
ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण प्रकार घडला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार शाबूत होती. तुंबली होती ती गर्दी. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला: प्रत्येक संगणकाने सावकाश आरंभ करावा, वाट मोकळी दिसली तर वेग वाढवावा, गर्दी जाणवली तर आवरता घ्यावा. आजचे इंटरनेट याच शिस्तीच्या पायावर चालते.

११/
या शिस्तीचा स्पीड टेस्टशी थेट संबंध आहे. एकच जोडणी उघडली तर ती हळूहळू वेग घेते. म्हणून २००६ पासून लोकप्रिय झालेली ऊकलाची स्पीडटेस्ट साधारणतः जवळचा सर्व्हर निवडते, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि आरंभीचा मंद भाग निकालात धरत नाही. नळाची क्षमता मोजण्यास ही रीत योग्य आहे. परंतु असे अनेक सर्व्हर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्याच जाळ्यात असतात. तेव्हा मोजला जातो तो घर ते कंपनी एवढाच टप्पा. सीमेन्सच्या तेहरानसारखा.

१२/
परीक्षेच्या अर्जाचा सर्व्हर मात्र कंपनीच्या जाळ्याबाहेर, कदाचित दिल्लीत असतो आणि शेवटच्या तारखेला त्यावर लाखो जण तुटून पडतात. स्पीड टेस्टला त्या सर्व्हरची गर्दी दिसतच नाही. नेटफ्लिक्सने मे २०१६ मध्ये ‘फास्ट’ ही स्वतःची चाचणी काढली. ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासूनचा वेग मोजते. एकाच घरात, एकाच मिनिटाला दोन चाचण्या दोन आकडे देतात, त्यामागे बहुधा वाटांचा हा भेद असतो.

१३/
दुसरा आकडा ‘पिंग’चा. १९८३ मध्ये माइक मूस यांनी हा छोटा प्रोग्राम लिहिला. नाव घेतले पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर धरले, तर जाऊन येण्यास किमान २.६ मिलिसेकंद हवेत. त्याहून कमी पिंग दिसला, तर चाचणीचा सर्व्हर मुंबईत नाही, हे निःशंक समजावे. पिंग बराच जास्त दिसला, तर वाट वळसा घेते आहे किंवा मध्ये रांग आहे.

१४/
वळसा म्हणजे किती? आपल्याकडे भारतातील दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील निरोप परदेशात जाऊन परत येण्याचे प्रकार घडत. ते टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह प्रमुख शहरांत कंपन्यांची जाळी एकमेकांस जोडणारी ठाणी उभी राहिली. एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्याची ही जंक्शनेच. मनमाडला गाडी बदलणाऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही: गाड्या कितीही वेगवान असोत, जोडगाडी चुकली की प्रवास लांबतो.

१५/
सरकारी व्याख्याही ‘कुठून कुठवर’ या प्रश्नापासून सुटलेली नाही. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी किमान २५६ केबीपीएस ठरवले. २०१३ मध्ये ते ५१२ झाले, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २००४ च्या व्याख्येतील शब्दयोजना बारकाईने पाहावी: हा वेग मोजायचा तो कंपनीच्या सेवाकेंद्रापासून ग्राहकापर्यंत. त्या केंद्रापलीकडे काय घडते, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

१६/
१८७० च्या स्पर्धेची पुनरावृत्ती आपण २०१७ मध्ये पाहिली. ऊकलाच्या आकड्यांच्या आधारे एअरटेलने स्वतःला देशातील सर्वांत वेगवान जाळे म्हटले. जिओने हरकत घेतली. दोन सिमच्या फोनमध्ये चाचणी नेमक्या कोणत्या सिमची नोंदली जाते, हाही वादाचा मुद्दा होता. जाहिरातींच्या स्वयंनियमन संस्थेने, एएससीआयने, मार्चमध्ये तो दावा दिशाभूल करणारा ठरवला. ऊकलाने आपली पद्धत योग्य असल्याचे सांगितले. इकडे ट्रायच्या ‘मायस्पीड’ ॲपच्या आकड्यांत जिओ पुढे होती. मोजण्याच्या रीती निराळ्या, म्हणून विजेतेही निराळे.

१७/
३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारताचे पश्चिमेकडील इंटरनेट मंदावले. पेंडर यांची १८७० ची वाटही इजिप्तवरूनच जात होती. भूगोल बदलत नाही. त्या दिवशी मुंबईतील सर्व्हरशी चाचणी केली असती, तर तिला ही दुखापत दिसण्याचे कारणच नव्हते. जवळच्या वाटेचे मोजमाप दूरच्या वाटेविषयी मौन पाळते.

१८/
सरासरीचेही असेच. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून मनमाड आणि मुंबईला जोडते. त्या मार्गावर काही टप्प्यांत गाडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावते. पण घाट, थांबे आणि मुंबईची गर्दी धरून साडेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे सरासरी ६० च्याही आत. कमाल वेग खरा आणि सरासरीही खरी. कार्यालयात वेळेवर पोहोचायचे असलेला मनमाडकर मात्र आपला दिवस सरासरीवर आखतो. ‘अमुक एमबीपीएसपर्यंत’ या जाहिरातीतील ‘पर्यंत’ हा शब्द त्याच नजरेने वाचावा.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नावरचे साधन हाताशी आहे. वि. का. राजवाडे यांनी अस्सल, समकालीन कागदाचा आग्रह धरला. बखरीतील विधान तपासल्याशिवाय स्वीकारायचे नाही, हे आपण त्यांच्याकडून शिकलो. जाहिरातीतला वेग ही बखर समजावी. स्पीड टेस्टचा निकाल हा अस्सल कागद. परंतु अस्सल कागदही लिहिणाऱ्याच्या जागेवरून जेवढे दिसते तेवढेच सांगतो. कोणी मोजले, कुठून कुठवर, केव्हा, काय पाठवून: हे चार प्रश्न विचारल्यावाचून तोही पुरावा होत नाही.

२०/
म्हणून तक्रार करायची असेल तर दफ्तर ठेवावे. शक्य असल्यास राउटरला तार लावून, नाहीतर त्याच्या अगदी जवळ बसून, इतर उपकरणे बंद ठेवून मोजावे. भिंतीआडचे वायफाय हा कंपनीचा दोष नसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, आठवडाभर, दोन निरनिराळ्या चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, सर्व्हरचे गाव आणि पिंग टिपावा. एका स्क्रीनशॉटला कंपनी सहज झटकू शकते. आठवड्याच्या सुसंगत नोंदींना उत्तर द्यावे लागते.

२१/
मोठ्या शहरांच्या सरासरीत मनमाडसारख्या गावाची रात्रीची गर्दी विरून जाते. आकडेवारीत ती दिसत नाही, म्हणून धोरणातही दिसत नाही, आणि अर्जाची मुदत टळलेल्या विद्यार्थ्याला ‘तुमच्याकडे वेग उत्तम आहे’ असे उत्तर मिळते. त्याचा अनुभवही खरा होता आणि तो ४० चा आकडाही. दोन्ही वेगवेगळ्या वाटांविषयी बोलत होते. आपल्या गावाची नोंद आपणच ठेवायला हवी. तुमच्याकडे अशी आठवडाभराची नोंद असेल, तर वेळ आणि सर्व्हरचे गाव यांसह खाली अवश्य लिहा.