तबकडी, तार आणि कुलूप

१९ फेब्रुवारी २००८ रोजी टोकियोत तोशिबा कंपनीने हार मानली. 'एचडी डीव्हीडी'ची यंत्रे यापुढे बनवणार नाही, असे तिने जाहीर केले आणि सोनीच्या गोटातल्या 'ब्लू-रे'ने दोन वर्षांची लढाई जिंकली. दोन्ही तबकड्या वाचणारा निळा-जांभळा लेझर एकच, ४०५ नॅनोमीटरचा. फरक होता तो एका थरात किती मावते याचा. एचडी डीव्हीडीत १५ गिगाबाइट, ब्लू-रेत २५. त्याहून मोठा फरक, कोणता चित्रपटनिर्माता कोणाच्या बाजूला उभा आहे याचा. ४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्लू-रेचा पक्ष घेतला तेव्हाच निकाल लागल्यासारखा होता.

पण जिंकणाऱ्यांना पेढे वाटायलाही फुरसत मिळाली नाही. वॉर्नरच्या घोषणेनंतर अकरा दिवसांनी, १५ जानेवारी २००८ला, अ‍ॅपलने चित्रपट भाड्याने देण्याची सोय जाहीर केली होती. दुकानात जायला नको, तबकडी नको, घरबसल्या चित्रपट उतरवून घ्यायचा. बिल गेट्स तर २००५ सालीच सांगून चुकले होते की तबकड्यांचा हा शेवटचा अवतार, यानंतर सगळे तारेवरूनच येईल. म्हणून त्या वर्षी सगळीकडे एकच वाद होता. डाऊनलोड तबकडीची जागा घेऊ शकेल काय?

आज मागे वळून पाहताना वाटते, प्रश्न बरोबर होता, पण वाद भलत्याच मुद्द्यावर रंगला. सगळे बोलत होते ते तारेच्या वेगाबद्दल.

त्यांचेही खरे होते म्हणा. आपल्याकडे २००४च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. ब्लू-रेचा एक भरलेला थर, म्हणजे २५ गिगाबाइट, या वेगाने उतरवायचा तर अखंड नऊ दिवस लागतील! तेही मध्ये वीज गेली नाही तर. आणि गोव्यात पावसाळ्यात वीज जात नाही असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तेव्हा तबकडीचे पक्षपाती निर्धास्त होते. चित्राचा दर्जाही त्यांच्या बाजूने होता. ब्लू-रेतून नुसत्या चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते, तारेवरून येणारा चित्रपट त्यामानाने पिळून काढलेला असे.

पण वेगाचे गणित हे काळाच्या हातातले गणित असते. आज १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तेच २५ गिगाबाइट अर्ध्या तासाच्या आसपास उतरतात. गंमत म्हणजे कोणी उतरवतच नाही. डाऊनलोड जिंकण्याआधीच त्याचा धाकटा भाऊ, स्ट्रीमिंग, पुढे निघून गेला. नेटफ्लिक्सने १९९८मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवायला सुरुवात केली होती. २००७मध्ये तिने तारेवरून चित्रपट दाखवायला घेतले. जानेवारी २०१६मध्ये ती भारतात आली आणि त्याच सप्टेंबरात जिओ आले. पुढचे सांगायला नको. २९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने टपालातून शेवटची तबकडी पाठवली. पंचवीस वर्षांत पाच अब्जांहून जास्त तबकड्या तिने पाठवल्या होत्या. शेवटच्या तबकड्या परत करू नका, ठेवून घ्या, असेही तिने ग्राहकांना सांगितले.

म्हणजे प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. रोजच्या पाहण्यापुरती तबकडीची जागा तारेने घेतली. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मात्र २००८च्या दहा वर्षे मागे जावे लागते.

१९९८मध्ये अमेरिकेत सर्किट सिटी या विद्युत उपकरणांच्या दुकानसाखळीने, लॉस एंजेलिसच्या एका वकिली फर्मला सोबत घेऊन, 'डिव्हएक्स' नावाची तबकडी बाजारात आणली. दिसायला अगदी डीव्हीडीसारखी. किंमत साधारण साडेचार डॉलर, म्हणजे डीव्हीडीपेक्षा पुष्कळच कमी. पण पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासच ती चालायची. नंतर पाहायची तर पुन्हा पैसे. त्यासाठी यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडलेले असे आणि ते कंपनीला फोन करून हिशेब कळवी. जास्त पैसे भरून कायमचा हक्कही घेता येई. तबकडी तुमच्या कपाटात, पण ती चालवायची की नाही हे ठरवणारा दुसऱ्या गावात!

लोकांनी काय केले? चक्क नाकारली. १६ जून १९९९ला कंपनीने गाशा गुंडाळला, आणि २००१च्या मध्यावर तिची हिशेब ठेवणारी यंत्रणा बंद झाली. त्यानंतर कायमच्या हक्काचे पैसे भरलेल्यांच्या तबकड्याही निव्वळ चकत्या होऊन राहिल्या.

लोकांचे हे नाकारणे मला फार महत्त्वाचे वाटते. साध्या डीव्हीडीला जास्त पैसे मोजायला ते तयार होते, कारण ती त्यांची होती. शेजाऱ्याला देता येत होती, जुन्या बाजारात विकता येत होती, मुलांसाठी ठेवता येत होती. या हक्कालाही इतिहास आहे. एका अमेरिकन प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापले होते की हे पुस्तक एका डॉलरहून कमी किमतीला विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाच्या चालकांनी ते ८९ सेंटला विकले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८मध्ये न्यायालयाने सांगितले की एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाचा असा अंमल चालत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने, व्हिडिओ लायब्ररी, सगळे याच विचारावर उभे आहे. डाऊनलोडला मात्र ही सवलत नाही. विकत घेतलेल्या गाण्यांच्या फायली पुन्हा विकू देणाऱ्या एका कंपनीचा खटला डिसेंबर २०१८मध्ये अपील न्यायालयात निकाली निघाला, आणि फाईल दुसऱ्याला देणे म्हणजे नवी प्रत काढणे, सबब ते बेकायदा, असे ठरले.

थोडक्यात, १९९९मध्ये जी अट लोकांनी दारातून हाकलली तीच पुढे खिडकीतून घरात आली. यावेळी तबकडीच्या रूपात नव्हे, डाऊनलोडच्या रूपात. सोय इतकी मोठी होती की अट कोणाला दिसली नाही.

ज्यांना दिसली त्यांना ती उशिरा दिसली. गूगलने जानेवारी २००६मध्ये व्हिडिओ विकण्याचे दुकान उघडले आणि ऑगस्ट २००७मध्ये ते बंद केले. 'विकत' घेतलेले व्हिडिओही त्याबरोबर चालेनासे झाले. आरडाओरडा झाल्यावर पैसे परत मिळाले, चित्रपट नाही. चित्रपट कंपन्यांनी मिळून २०११मध्ये 'अल्ट्राव्हायोलेट' नावाचे डिजिटल कपाट सुरू केले, ३१ जुलै २०१९ला ते बंद पडले. ऑगस्ट २०२२मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशन ग्राहकांच्या कपाटातून स्टुडिओकॅनालचे विकत घेतलेले चित्रपट काढून घेतले गेले, कारण दोन कंपन्यांमधला करार संपला होता. ग्राहक त्या करारात कुठेच नव्हता.

शेवटी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे असा माल विकताना 'विकत घ्या' एवढेच म्हणता येत नाही, हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते. मात्र जी फाईल कायमची उतरवून घेता येते आणि जोडणीशिवाय चालते, तिला या कायद्यातून सूट आहे. या सुटीत मला आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते. दोष डाऊनलोडचा नाही, कुलपाचा आहे. कुलूप ब्लू-रेलाही असतेच, पण त्याची किल्ली तुमच्या घरातल्या यंत्रात असते. डाऊनलोडची किल्ली कंपनीच्या खिशात.

संगीताचे उदाहरण पाहा. जानेवारी २००९मध्ये अ‍ॅपलने आपल्या दुकानातल्या सगळ्या गाण्यांवरचे कुलूप काढत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर घेतलेले गाणे खऱ्या अर्थाने तुमचे, कुठल्याही यंत्रावर वाजवा, कितीही प्रती काढून ठेवा. चित्रपटांच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांनी हे केले नाही.

आता तबकडीच्या भक्तांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. तबकडी अमर नाही. २००६ ते २००८ या काळात छापलेल्या आपल्या काही डीव्हीडी कुजत आहेत, हे वॉर्नरने २०२५मध्ये मान्य केले. यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेसाठी नवी ब्लू-रे यंत्रे आणणे थांबवले. तबकडीला देशांच्या सीमाही होत्या, भारताची डीव्हीडी पाचव्या विभागाची आणि अमेरिकेची पहिल्या, एकाची दुसऱ्याकडे चालू नये म्हणून.

तरीही तबकडीने एक काम नकळत केले. तिने एका चित्रपटाच्या हजारो प्रती हजारो घरांत पसरवल्या. चित्रपटांचा इतिहास सांगतो की वाचते ते पसरलेलेच. 'नोस्फेरातू' या १९२२च्या जर्मन चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम न्यायालयाने दिला होता, पण काही प्रती हाताबाहेर गेल्या होत्या म्हणून तो आज आहे. फ्रिट्झ लांगचा १९२७चा 'मेट्रोपोलिस' कापून छोटा केला गेला आणि कापलेला भाग हरवला तो हरवलाच, असे सगळे धरून चालले होते. एक लांब प्रत मात्र फार पूर्वी अर्जेंटिनात गेली होती, तिथल्या एका संग्राहकाकडे राहिली होती. तिच्यावरून उतरवलेली फिल्म ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात सापडली आणि सुमारे २५ मिनिटे परत मिळाली. साल कोणते? २००८! ज्या वर्षी जग तबकडीचे भवितव्य ठरवत होते त्याच वर्षी.

आणि एकाच ठिकाणी ठेवलेल्याचे काय होते हे आपण पुण्यात पाहिले. ८ जानेवारी २००३ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ प्रती त्यात गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवल्या होत्या ते चित्रपट वाचले. संग्रहालय चालवणारे प्रेमाने सांभाळत होते, तरी हे झाले. मग ज्याला फक्त महिन्याच्या वर्गणीशी देणेघेणे आहे त्याच्या गोदामावर किती विसंबायचे?

म्हणून मला हॉलिवूडपेक्षा आपल्या घरची काळजी जास्त वाटते. हॉलिवूडचे कोणीतरी जपेलच. पण दोन हजारनंतरच्या दशकात मराठी नाटकांच्या, कीर्तनांच्या, कोकणी तियात्रांच्या ज्या व्हीसीडी निघाल्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मडगावात ज्या आपण सहज उचलल्या, त्यातल्या कित्येक छोट्या निर्मात्यांनी काढलेल्या. एखाद्या नटाचा भूमिकेतला आवाज, एखाद्या जत्रेतला प्रयोग, तेवढ्याच चकतीवर असू शकतो. मोठ्या मंचांना तो चढवण्यात काही नफा नाही. चित्र धूसर आहे, हाय डेफिनिशन वगैरे काही नाही, पण दुसरी प्रतही नाही.

डाऊनलोड तबकडीची जागा घेऊ शकेल काय, या जुन्या प्रश्नाला माझे उत्तर असे. घेऊ शकेल, खुशाल घ्यावी, पण तबकडीबरोबर येणारे हक्क घेऊन. जी फाईल माझ्याकडे राहते, कोणाला न विचारता चालते आणि जिची दुसरी प्रत मी जपून ठेवू शकतो, ती तबकडीहून सरस आहे, कारण ती कुजत नाही आणि अडगळही करत नाही. जी फाईल दुसऱ्याच्या मर्जीवर उघडते, ती कितीही स्वच्छ दिसो, ती भाड्याचीच.

तोवर कपाटातल्या व्हीसीडी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा लावून पाहा. चालत असतील तर संगणकावर उतरवून ठेवा, आणि ती प्रत एकाच घरात ठेवू नका.