झडती

गेल्या महिन्यात सोलापुरात एका मोठ्या दुकानात गेलो होतो. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण असा प्रकार कोणत्याही दुकानात होऊ शकतो. बरोबर सौ. होती आणि आमच्या ओळखीच्या एक अक्का होत्या. अक्का आमच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतात. वय साठीच्या पुढे, सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि आमच्या या सरहद्दीच्या रिवाजाप्रमाणे अडीनडीला चार शब्द कानडी. नातीच्या बारशासाठी थोडी खरेदी करायची होती म्हणून आमच्याबरोबर आल्या.

आत शिरताना आमच्या कापडी पिशव्या काउंटरवर ठेवून घेतल्या आणि हातात प्लास्टिकचा बिल्ला दिला. इथपर्यंत ठीक. बाहेर पडताना दारातल्या रखवालदाराने माझे बिल घेतले, माझ्या चष्म्याकडे नि पांढऱ्या शर्टाकडे एकदा पाहिले, बिलावर पेनाने रेघ ओढली आणि "या काका" म्हणाला. सौ.चेही तसेच. अक्कांची पाळी आली तेव्हा मात्र, "पिशवी रिकामी करा." अक्कांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. दोन झबली, एक टोपडे, साबणाच्या वड्या, किलोभर तूरडाळ. पदराखाली काय आहे तेही विचारून झाले. सगळे बिलाबरहुकूम निघाले. मागे रांग खोळंबली होती, लोक बघत होते. मी तावातावाने बोलायला लागलो, तर अक्कांनीच मला थांबवले. म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, आमचं काय नवीन आहे?"

त्यांचे ते 'नवीन नाही' माझ्या डोक्यातून जाईना. छत्तीस वर्षे इतिहास शिकवला. म्हटले, हे जुने म्हणजे किती जुने आहे ते तरी बघावे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५०-६० च्या सुमारास, गावातल्या दुकानात गिऱ्हाइकाची झडती घ्यायची वेळच येत नसे. वाणी आत, पोती आत, गिऱ्हाईक ओट्यावर. तुम्ही मागायचे, त्याने मोजून द्यायचे, कागदाच्या पुड्या दोऱ्याने बांधायच्या. मालाला हातच लागत नाही तर चोरणार काय? उलट उधारीच्या वहीत महिनाभराचा हिशेब मांडून ठेवायचा, तो गिऱ्हाइकाच्या शब्दावर. आता कोणी म्हणेल, बघा, किती विश्वासाचा काळ होता तो! तसे मी म्हणणार नाही. त्याच ओट्यावर सगळ्यांना चढता येत नव्हते. काही घरांतली माणसे खाली उन्हात उभी राहायची, त्यांच्या ओंजळीत जिन्नस वरून टाकला जायचा. वही कोणाच्या नावाने उघडायची नि कोणाला रोखीनेच द्यायचे, हे दुकानदार माणूस बघून ठरवायचा. 'माणूस बघून' हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

आणि संशय तेव्हाही होताच, फक्त त्याचे तोंड दुसरीकडे होते. गिऱ्हाईक दुकानदाराकडे संशयाने बघत असे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग काही उगीच रुळलेला नाही. तपासणी व्हायची ती तराजूची नि वजनांची. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजने-मापांचा कायदा झाला, पुढे १९५६ च्या केंद्राच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली, आणि शेर-पायली-मण जाऊन किलो-लिटर आले. वजने तपासणारा निरीक्षक येणार अशी कुणकुण लागली की बाजारात कशी धावपळ उडायची, ते मी पाहिले आहे. आमचे वडील डाळ तोलली जाताना दांडीकडे टक लावून बघायचे. दुकानदाराला त्याचा राग येत नसे. ते गिऱ्हाइकाचे कामच होते.

हे चित्र उलटे कुठे झाले? अमेरिकेत, मेम्फिस नावाच्या गावी. १९१६ साली क्लॅरन्स साँडर्स या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाला सांगितले, आत या, टोपली घ्या, हवे ते स्वतः उचला. नोकरांचा पगार वाचला, माल स्वस्त झाला. पण त्याच दुकानात आत जाण्याचे फिरते फाटक होते, सगळ्या दुकानातून वळणावळणाने नेणारी एकच वाट होती, आणि बाहेर पडताना पैसे घेणारा माणूस गाठल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणजे मालाला हात लावण्याची मोकळीक आणि दारातला पहारा, दोन्ही एकाच दिवशी जन्मले. जुळी भावंडेच म्हणा. पुढे १९७४ साली अमेरिकेतच बारकोडवर पहिली वस्तू विकली गेली, ती च्युइंगगमची पाकिटे. कपड्यांना अडकवलेले ते प्लास्टिकचे बिल्ले, जे काढले नाहीत तर दारात भोंगा वाजतो, तेही गेल्या शतकाच्या उत्तरार्धातलेच.

आपल्याकडे हे सावकाश आले. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांनी सहकारी तत्त्वावर सुरू केलेल्या भांडारातून 'अपना बाजार' उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे काम चालू झाले. तिची पद्धत मला फार आवडते. दहापाच कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचा माल एकत्र मागवायचा, आणि कोणाच्या तरी घरी बसून आपला आपण वाटून घ्यायचा. तिथे रखवालदार नाही की कॅमेरा नाही. शेजारणीसमोर कोण कशाला जास्तीचा साबण उचलेल? पण मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानाला शेजारीण कुठून आणायची? २००१ मध्ये बिग बझार आले, २००२ मध्ये पवईला पहिले डी-मार्ट, आणि नंतरच्या वीस वर्षांत टोपली, ढकलगाडी आणि दारातला रखवालदार जिल्ह्याजिल्ह्यात पोचले.

मध्ये २६ नोव्हेंबर २००८ घडले. त्यानंतर मॉलच्या दारात धातुशोधक चौकटी आल्या, पिशव्यांत डोकावणे आले. त्याबद्दल लोक फारशी तक्रार करताना दिसत नाहीत. का? मला वाटते, आत शिरतानाची तपासणी सगळ्यांची होते. साहेबाचीही आणि हमालाचीही. त्यात कोणी कोणाला चोर म्हणत नाही. बाहेर पडतानाची गोष्ट वेगळी. तिथे रखवालदाराला शंभरातल्या दहा पिशव्या उघडायच्या असतात, आणि त्या दहा कोणाच्या हे त्याची नजर ठरवते. माणूस बघून!

पण अक्कांचे 'नवीन नाही' दुकानातले नव्हतेच मुळी. ते मला रिक्षात उलगडले. अक्कांच्या सासूबाई जुन्या मिलमध्ये होत्या, रीलिंग खात्यात. सोलापूरची ही पहिली कापड गिरणी, १८७७ सालची. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सगळे गाव भोंग्यावर उठू-बसू लागले. पाळी सुटली की फाटकात रांग. बायकांची झडती घ्यायला बाई असायची. सूत लपवले असेल म्हणून ओटी चाचपायची, अंबाडा सोडायला लावायची. सासूबाई घरी आल्या की आधी केस विंचरून पुन्हा बांधायच्या, मग चुलीपुढे बसायच्या, असे अक्का सांगत होत्या. १९४६ च्या कामगार कायद्यांनंतर गिरण्या-कारखान्यांच्या स्थायी आदेशांत ही झडती रीतसर लिहिलीच गेली. बाहेर पडताना कामगाराची झडती घेता येईल, स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. त्या रांगेत गेलेल्या वेळेचा पगार मात्र कोणी दिला नाही. आणि हे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. अमेरिकेत ॲमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी तक्रार केली होती की पाळी संपल्यावर झडतीच्या रांगेत आमची पंचवीस-पंचवीस मिनिटे जातात, त्याचे पैसे द्या. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, तो वेळ पगारात धरता येणार नाही. जुन्या मिलच्या फाटकावरच्या रांगेला हा निकाल अगदी ओळखीचा वाटला असता.

विडीचे तर विचारूच नका. कारखान्यातून पान नि तंबाखू तोलून मिळायची, घरी बसून विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. तिथे झडती अंगाची नसते, हाताच्या कामाची असते. तपासणारा कट्टे उलगडून 'छाट' काढतो. ही विडी सैल, ही आखूड, ही फेकली. पान मुळात कमी भरले होते हे बाईने सांगितले तरी ऐकणार कोण? पानात पाप केले असेल तर ते तिनेच, असे धरून चालायचे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने छाटीच्या भांडणांत दाद मागायची वाट ठेवली, पण तपासनीसासमोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात कायद्याचे पुस्तक नसते. उद्याचे पान त्याच्याच हातून घ्यायचे असते. याच बायकांसाठी २००६ मध्ये आमच्या कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, पंतप्रधान मनमोहन सिंग उद्घाटनाला आले होते. हक्काच्या घराची किल्ली मिळाली तेव्हा अक्का पहिल्यांदा कुलूप आतून लावून बसल्या होत्या म्हणे, अर्धा तास.

कायदा बघितला तर दुकानाच्या रखवालदाराला कोणाची अंगझडती घेण्याचा खास अधिकार नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा परवान्यांचा आहे, तो पोलिसांचे अधिकार देत नाही. आपल्या देखत गंभीर गुन्हा घडला तर कोणीही नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाविलंब पोलिसांकडे सोपवावे लागते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्याला सहा तासांची मर्यादाही आहे. आणि पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल, माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कायद्याने चोराचीही लाज थोडीफार राखली आहे. चोरी न करणाऱ्याची लाज कोणी राखायची ते कुठल्या कलमात मला सापडले नाही. दुकानदाराची बाजू मला कळत नाही असे नाही. माल खरोखर चोरीला जातो, आणि तो भुर्दंड शेवटी आपल्याच बिलात येतो. पण तुटीत गिऱ्हाइकाच्या चोरीबरोबर मोजणीच्या चुका असतात, आतल्यांचे हातही असतात.

इथवर लिहून थांबणार होतो. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती सांगितली नाही तर वरचे सगळे लिखाण खोटे ठरेल.

१९८० नंतरची गोष्ट. मी शिकवत होतो त्या शाळेत एका वर्गात सहलीचे जमा झालेले पैसे नाहीसे झाले. वर्ग माझा. मी दार लावून घेतले आणि दप्तरे तपासायला लागलो. कुठून सुरुवात केली? मागच्या बाकावरून. वाण्याच्या, डॉक्टरांच्या, पाटलांच्या मुलांची दप्तरे माझ्या अगदी हाताशी, पहिल्या बाकावर होती. मी त्यांना ओलांडून मागे गेलो. एका मुलाचे दप्तर म्हणजे सिमेंटच्या पोत्याची पिशवी. ती मी टेबलावर उलटी केली. फडक्यात अर्धी भाकरी, एक वही, आणि विडीच्या पानांचे कापलेले एक बंडल. रात्री आईला पाने कापून देत असणार, घाईत पिशवीत राहून गेले असेल. वर्ग हसला. तो मुलगा पाने एकेक करून गोळा करत होता, कारण पाने मोजून मिळालेली होती. मी पुढच्या दप्तराकडे वळलो.

पैसे दोन दिवसांनी सापडले. माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात, पाकिटात घालून मीच ठेवले होते. वर्गात मी सांगितले, "पैसे मिळाले बरं का." एवढेच सांगितले. कुठे मिळाले ते नाही, आणि त्या मुलाला काहीच नाही. तो पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. त्याची कारणे घरची असतील, गरिबीची असतील. मी कधी विचारायला गेलो नाही.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो. एकटाच. बाहेर पडताना रखवालदाराने बिलावर रेघ ओढली, तेव्हा मी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "बघून घ्या." तो गोंधळला. तरुण पोरगा, गणवेश एक माप मोठा. "राहू द्या काका, तुमचं काय बघायचं?" मी म्हटले, "त्या दिवशी आमच्या अक्कांचं बघितलंत की." त्याला काही आठवले नाही, आठवण्याचे कारणही नव्हते. मागचे गिऱ्हाईक पुढे सरकत होते. तो हळूच म्हणाला, "काका, आमची पण होते. रोज रात्री, सुटताना." आणि मागच्या बाईच्या पिशवीकडे हात केला.

अक्का आता कुठेही खरेदीला गेल्या तरी बिल मुठीत धरून ठेवतात. रिक्षातसुद्धा. घरी पोचून सामान फळीवर लागले की मग ते चुलीत घालतात.