रोजकीर्द ते क्लाउड : व्यवसाय-अहवालाच्या वेगाचा इतिहास आणि भवितव्य

पनवेल तालुक्यातील पळस्पे हे गाव वाटांच्या संगमावर वसलेले आहे. जुना मुंबई-पुणे मार्ग येथून जातो, मुंबई-गोवा महामार्ग येथूनच दक्षिणेस फुटतो आणि न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. १९८९ साली ते बंदर सुरू झाल्यानंतर या परिसरात गोदामे व कंटेनरांचे तळ उभे राहिले. आज येथून जाणाऱ्या मालाची वार्ता मालाच्या पुढे धावते. १ जुलै २०१६ पासून बंदरातील कंटेनरांना रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या पट्ट्या लावण्यास आरंभ झाला, तर १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आवश्यक ठरले. घटना आणि तिचा अहवाल यांतील अंतर असे झपाट्याने मिटत चालले आहे. या बदलाचे ऐतिहासिक स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

महाराष्ट्रास हिशेबाची परंपरा नवी नाही. पेशवाईत दैनंदिन व्यवहार रोजकीर्दीत चढत. पुण्याच्या हुजूर दफ्तरात फडणिसांच्या देखरेखीखाली चालते दफ्तर असे, आणि त्यातील रोजकीर्दींवरून एकबेरीज दफ्तर सर्व खात्यांचा वर्गवार गोषवारा तयार करी. जमा, खर्च व शिल्लक यांचा एकत्रित तर्जुमा हे त्याचे फलित. हे काम हाताने होत असल्यामुळे अहवाल घटनेच्या मागे राहणे अपरिहार्य होते. परंतु त्या विलंबात एक गुणही दडलेला होता. नोंदीवर मिती असे, आणि कागदावर चढलेली रक्कम मागाहून निमूटपणे बदलत नसे.

यंत्रयुगाने प्रथम विलंबावर घाला घातला. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या सॅप या कंपनीने आपल्या प्रणालीच्या नावात योजलेले ‘आर’ हे अक्षर ‘रिअल टाइम’चे, म्हणजे तत्क्षणतेचे, द्योतक होते. तथापि ही तत्क्षणता दीर्घकाळ नोंदीपुरतीच राहिली. एकाच यंत्राने व्यवहार टिपावेत आणि त्याच वेळी लक्षावधी नोंदींची बेरीजही करावी, हे जमत नसे. म्हणून रात्री नोंदींची प्रत वेगळ्या भांडारात काढून सकाळी अहवाल देण्याची रीत पडली. एकबेरीज दफ्तराचाच हा यांत्रिक अवतार म्हणावयास हरकत नाही. २०१० नंतर माहिती यंत्राच्या स्मृतीतच व रकान्यांनुसार साठविण्याची पद्धती रूढ होऊ लागली आणि नोंद व बेरीज एकाच ठिकाणी शक्य झाली. पुढे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड-केंद्रे महाराष्ट्रात आली, व स्वतःचे यंत्र न बाळगताही अशी साधने भाड्याने वापरण्याची सोय वाढली.

शासनानेही हाच मार्ग अनुसरला. ई-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. बीजक आणि त्याची शासनदरबारी नोंद आता जवळजवळ एकाच वेळी जन्मास येतात.

यावरून भविष्यात विलंब उरणार नाही, एवढे अनुमान सहज निघते. परंतु खरा प्रश्न वेगाचा नसून स्थैर्याचा आहे. पडद्यावरील आकडा पाहणाऱ्यागणिक व क्षणागणिक बदलतो. सकाळी दहा वाजता गोदामात असलेला माल सायंकाळी परत गेलेला असतो. उशिरा आलेली नोंद कालच्या शिल्लकेतही फेर घडविते. अशा वेळी ज्या आकड्यावर निर्णय घेतला तो आकडा कोणता, हे सांगणे दुरापास्त होते. ताळेबंद ही नुसती बेरीज नव्हे. विशिष्ट दिवशी हिशेब थांबवून त्याची जबाबदारी पत्करण्याची ती कृती आहे. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद राहिलीच पाहिजे, हा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला नियम या उणिवेचीच कबुली देतो.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून गंभीर चिंता वाटावी. पेशवे दफ्तर कागदावर टिकले, म्हणूनच गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले. उलट, कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके सामान्यतः ८ वर्षेच जपण्याचे बंधन आहे. आणि क्लाउडचे भाडे थांबले की तेथील नोंदींचे दारही बंद होऊ शकते. पळस्प्याच्या रस्त्यांवरून गेलेल्या मालाचा इतिहास उद्या कोणी लिहू पाहील, तर त्याला पेशवाईच्या तर्जुम्याइतकेही साधन न लाभण्याचा संभव आहे.

तात्पर्य, तत्क्षण अहवालाचे भवितव्य त्याच्या शीघ्रतेवर जितके, तितकेच तो थांबवून, मिती घालून जतन करण्याच्या शिस्तीवर अवलंबून राहील. महिनाअखेरचे गोषवारे स्थिर स्वरूपात अभिलेखागारांकडे सोपविण्याची प्रथा व्यापारी संस्थांनी व विद्यापीठांनी मिळून घालून दिली पाहिजे. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला जे सहज साधले, ते साधण्यासाठी आपणांस आता जाणीवपूर्वक नियम करावे लागतील.